एका चांदणीची माणसं

जवस भाजल्याचा वास आला की मला चव आठवत नाही, आवाज आठवतो. लोखंडी तव्यावर दाणे तडतडू लागतात, त्यांचा तेलकट, किंचित मातकट वास घरभर पसरतो आणि त्या तडतडीच्या मागून एका बाईचा संथ, सपाट आवाज येऊ लागतो. प्रत्येक वाक्यानंतर तो थोडा थांबतो. ‘पाण्याची टाकी गळते. बसवून गेलेला माणूस पुन्हा फिरकला नाही. फोन उचलत नाहीत.’ मग क्षणभर फक्त जवस. आणि मग तोच आवाज, अर्धा सूर खाली उतरून: ‘नोंदवली.’

नांदेडच्या कॉलेजात मी मराठी शिकवू लागले तेव्हा ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होते, त्या घराच्या मालकीणबाईंचा हा आवाज. मी त्यांना काकू म्हणत असे. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात शेगडी ओढून त्या बसत. एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात मोबाइल. काही विकत घ्यायचं असो वा नसो, कुठल्या ना कुठल्या कंपनीबद्दल लोकांनी लिहून ठेवलेल्या तक्रारी मोठ्याने वाचणं हा त्यांचा नित्यनेम होता. पाच चांदण्यांची स्तुती त्या उघडतही नसत. एक चांदणी देणारी, फार तर दोन देणारी माणसं तेवढी त्यांची. तक्रार वाचून झाली की तिच्याखालच्या अंगठ्याच्या चित्रावर त्या आपला अंगठा हलकेच टेकवत, जसं देवाला गंध लावावं तसं, आणि म्हणत, ‘नोंदवली.’

सुरुवातीला मला वाटलं, बाईंच्या एकटेपणानं हे रूप घेतलं असावं. मग कळलं, त्यांची सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात गेली होती, तीही तक्रारी नोंदवून घेण्याच्या टेबलावर. कुणाचा फोन बंद पडला की तो माणूस शेजाऱ्याच्या घरी जाऊन तिथून त्यांना फोन करी आणि त्यांच्यावर ओरडे.

‘जसं काही तार मीच तोडली होती,’ काकू सांगत. ‘मी आपली ऐकून घ्यायचे. ऐकता ऐकता कळायचं माय, ह्याचा फोन बंद हाय हे तर हायच, पण ह्याचं पोरगं दूर गेलंय अन् त्याचा आवाज कानावर न्हाई, हे खरं दुखणं. फोन लाइनमन दुरुस्त करायचा. दुखणं मी नोंदवून घ्यायचे.’

निवृत्तीनंतरचं त्यांचं एक वाक्य माझ्या मनात कायमचं राहिलं आहे: ‘खात्यानं टेबल ठेवून घेतलं. कान माझ्यासंगं आले.’

स्तुतीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ‘स्तुती म्हणजे सासरचं बोलणं. चारचौघांत, पदर सावरून. तक्रार म्हणजे माहेरचं. सांग बरं, बाई खरं कुठं बोलते?’

मी नुसती हसले, तर म्हणाल्या, ‘हसू नको. तुझं लग्न व्हायचंय अजून.’

त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट चांदण्यांनी मोजता येत होती, आणि चांदण्या देण्यात त्या फार हात आखडून होत्या. मी एकदा वांग्याची भाजी करून खाली नेली. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, जणू कुणीतरी पलीकडून बोलत होतं आणि मधे खरखर होती. ‘दोन चांदण्या. मीठ ऐकू येईना.’ दूधवाला गुडघ्याची कुरकुर करी, तर त्या पातेलं पुढे करून म्हणत, ‘नोंदवली.’ तो बिचारा खरोखर हलका होऊन पायऱ्या उतरे. एका संध्याकाळी आईशी फोनवर बोलून मी जिन्यात बसून राहिले होते. काकू वर आल्या, शेजारी बसल्या, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्या पाठीवर त्यांचा अंगठा टेकला. फक्त अंगठा.

एका सकाळी त्या एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कंपनीबद्दल वाचत होत्या. मी ओले केस पुसत जिन्यात उभी होते. ‘माणूस बूट घालून थेट आतल्या खोलीपर्यंत गेला. घरात दिवा लावलेला होता.’ तक्रार एवढीच. फ्रिज चालू झाला की नाही, त्याचा पत्ताच नाही. काकूंनी शेगडी बारीक केली. जवसाची तडतड मंदावली.

‘फ्रिजची तक्रार न्हाई ही,’ त्या म्हणाल्या. ‘आतल्या खोलीत दिवा लावलाय म्हणजे त्या घरातलं माणूस नुकतं गेलेलं हाय. अन् हा त्या जागेवरून बुटानं गेला.’

माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि मला ते ठिबकणं स्पष्ट ऐकू येत होतं. एका अनोळखी गावातलं, अनोळखी माणसांचं, शोकानं झाकोळलेलं घर त्या दोन ओळींतून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. त्या दिवशी वर्गात कविता वाचताना माझा आवाज आपोआप संथ झाला. प्रत्येक ओळीनंतर मी थोडी थांबले. मुलांना वाटलं, मॅडमना बरं नाही.

त्यांचं सगळंच बरोबर येई असं मात्र मुळीच नाही. मिक्सर घेताना त्यांनी अनेक सकाळी तक्रारी ऐकल्या आणि निकाल दिला: ‘लोक रंगाची अन् खोक्याची तक्रार करून राहिले. म्हणजे पोटात खोट न्हाई.’ तो मिक्सर शेंगदाण्याच्या पहिल्याच कुटाला असा जळाला की धूर जिन्यातून माझ्या खोलीपर्यंत आला. मी धावत खाली गेले, तर काकू मोबाइलवर एक चांदणी देत होत्या. आपलीच तक्रार त्यांनी मोठ्याने वाचली, आपल्याच तक्रारीवर अंगठा टेकवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, ‘माझीबी नोंदवली.’ मग आम्ही दोघी धुरात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

माझी आई शिरूर अनंतपाळला राहते. तिच्या कानांनी हळूहळू जगाकडे पाठ फिरवली होती. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दारावरची थाप, मग माणसं. रविवारी विहारात वंदना होई तेव्हा पहिला आवाज आईचा असे आणि बाकीचे आवाज तिच्या मागून, नांगराच्या मागून पाखरं यावीत तसे येत. मग ती अर्धी ओळ मागे राहू लागली. सगळे थांबल्यावरही तिचा एकटीचा आवाज उरलेली अर्धी ओळ म्हणत राही. लहान पोरं हसली. कुणी तिला थांबवलं नाही. तीच थांबली. विहारात जाणं बंद झालं, शेजारी जाणं बंद झालं, आणि मग बोलणंही बंद झाल्यासारखंच झालं.

एका शिबिरात घेतलेलं यंत्र तिने काही दिवस कानात घातलं होतं. ते शिट्टी वाजवी. तिने ते बांगड्यांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मी पुन्हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, ‘आता एकदाच. पुन्हा मला कुठं नेऊ नको.’

तेव्हा संधी एकच होती. ती चुकली असती तर आईने ते झाकण स्वतःवरच लावून घेतलं असतं, हे मला ठाऊक होतं. मीही तिच्याशी ओरडून बोलायला शिकले होते. ओरडून बोललेली माया नीट पोचत नाही. तिचे कोपरे लागतात.

मी नांदेडातलं कानाच्या यंत्रांचं एक मोठं दालन जवळजवळ ठरवलं होतं. काचेचे दरवाजे, थंडगार हवा, आणि फोनवर बघावं तर चांदण्यांचा सडा. काकूंना दाखवलं, तर त्यांनी मोबाइल माझ्याकडे परत सरकवला. ‘मी स्तुती वाचत न्हाई, तुला माहीत हाय.’

‘एकदा वाचा काकू. आईसाठी.’

त्यांनी चष्मा पुसला. आणि त्यांच्या त्या सपाट, थांबत्या आवाजात पाच चांदण्यांची स्तुती मी प्रथमच ऐकली. ‘स्टाफ फार नम्र आहे. एसी आहे. चहा विचारतात. पार्किंगची सोय उत्तम. बसायला सोफे.’ त्या वाचत गेल्या, वाचत गेल्या. जवस थंड झाला. शेवटी त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

‘कानाचं दुकान हाय ना हे?’

‘हो.’

‘मग ह्यात एकानं तरी लिहिलं का माय, की मला ऐकू आलं?’

मी मोबाइल घेतला आणि शोधू लागले. चहा होता, सोफे होते, नम्रता होती. ऐकू आलेला एकही आवाज त्यात नव्हता. एखादी नात, एखादा पाऊस, एखादी शिट्टीसुद्धा नव्हती. त्या चांदण्यांच्या सड्यातली शांतता अंगावर काटा आणणारी होती.

‘वाईट हाय असं न्हाई म्हणत मी,’ काकू म्हणाल्या. ‘चहा चांगला असंल. पण आईला काय तिथं चहा प्यायला न्यायचंय?’

त्यानंतरच्या कितीतरी सकाळी फक्त कानाच्या यंत्रांच्या तक्रारी. हैदराबादच्या, सोलापूरच्या, औशाच्या, उदगीरच्या माणसांनी आमच्या दारात येऊन गाऱ्हाणी मांडली आणि ती नोंदवली गेली. त्यांतच लातूरच्या एका लहानशा दुकानाबद्दलची गाऱ्हाणी होती. चांदण्या अगदी विरळ. ‘बाई तोंडावर बोलतात.’ ‘घाई होती तरी यंत्र दिलं नाही, आधी डॉक्टरकडून कान साफ करून या म्हणाल्या.’ ‘पुन्हा पुन्हा यायला लावतात.’ काकू वाचता वाचता पुढे सरकल्या, जणू पलीकडचा आवाज आता स्वच्छ येऊ लागला होता. आणि मग त्यांनी एक तक्रार वाचली, जी मला पाठ आहे.

‘माननीय साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करतो की, मी वरील दुकानातून कानाचे यंत्र घेतले असून तेव्हापासून मला पंखा, भांडी, निंबावरील साळुंक्या व पत्नीचे बोलणे असे सर्व ऐकू येत आहे. त्यामुळे फार त्रास होत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव, मुक्काम हदगाव, बसस्टँडजवळ खताचं दुकान, आणि मोबाइल नंबर. दोन चांदण्या.

जन्मभर तहसीलला अर्ज देणारा आमच्याकडचा माणूस तक्रारही अर्जासारखीच लिहितो, पत्त्यासकट, उत्तराच्या पूर्ण भरवशानं. मी हसत सुटले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी शेगडी बंद केली.

‘पत्ता दिलाय माणसानं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे तो वाट बघून राहिला. चल.’

‘फोन करू या ना आधी.’

‘कान बघायचा हाय अन् फोन करतीस? उठ.’

हदगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. एसटीच्या खिडकीतून सोयाबीनच्या भुशाचा खरबरीत वास येत होता. काकू इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, कामावर निघालेल्या बाईसारख्या.

खताचं दुकान बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. गादीवर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ रस्त्याकडे पाठ करून पोती लावून घेत होते. आत त्यांची पत्नी हरभरा निवडत बसली होती. काकूंनी मला हातानेच थांबवलं. त्या त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मी आईशी कधी बोलले नसेन इतक्या खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या खांद्यावर मुंगळा चढून राहिला.’

त्यांनी फाडकन खांद्यावर हात मारला.

आतून खुदकन हसू आलं. ‘बघा बाई, बघा! असं हाय. पहिलं म्या घरात काहीबी बोलत व्हते. आता बोलायची सोय ऱ्हायली न्हाई.’

‘काहीबी न्हाई, मलाच बोलत व्हती,’ गृहस्थ वळून म्हणाले. ‘इतकी साल ही मला काय काय म्हनली ते आता कळून राहिलं.’ मग त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, काकूंच्या इस्त्रीच्या साडीकडे, पर्सकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी सारखी केली. ‘अर्जावरून आलात का? एवढ्या जल्दी दखल घेतली?’

‘मी कंपनीची न्हाई भाऊ,’ काकू म्हणाल्या. ‘तुमची तक्रार वाचली. ऐकायला आले.’

‘निस्तं ऐकायला?’

‘हाव. निस्तं ऐकायला.’

त्यांनी थोडा विचार केला. मग पोतं झटकून बसायला जागा केली. ‘मग बसा. सुरुवातीपासून सांगतो.’

ते सांगत गेले. पहाटे निंबावर साळुंक्या भांडतात. पंखा कण्हतो. सून बांगड्या घालून भांडी घासते. नातू झोपेत काहीतरी पुटपुटतो, ते ऐकायला रोज उठून बसावं लागतं, झोप मोडते. लातूरच्या बाईंनी पुन्हा पुन्हा बोलावलं, दर वेळी यंत्राचा आवाज थोडा थोडा कमीजास्त करून दिला, वर दम दिला की काढून ठेवलंत तर पुन्हा यायचं नाही. काकू ऐकत होत्या. त्यांना असं काम करताना मी प्रथमच समोरून पाहत होते. त्यांचे डोळे त्या गृहस्थांवर नव्हते, त्यांच्या किंचित पुढे, हवेत होते, जिथे शब्द येऊन पोचतात तिथे. मी अनेक मैफली ऐकल्या आहेत. इतकं तल्लीन कुणी ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

‘लईच त्रास हाय की,’ काकू शेवटी म्हणाल्या. ‘मग असं करा भाऊ. यंत्र द्या माझ्यापाशी. मी लातूरला जाऊन वापस करते.’

त्यांचा हात झटक्यात वर गेला आणि त्यांनी आपला कान झाकून घेतला. वाऱ्यात दिव्याची ज्योत झाकावी तसा.

‘वापस?’ ते म्हणाले. ‘न्हाई न्हाई. वापस कशाला?’

‘अर्जात लिहिलंय ना, कार्यवाही करा.’

‘त्ये साळुंक्यांचं करा म्हनलो मी! यंत्र कोन मागितलं तुम्हाला?’

पत्नी हरभऱ्याचं ताट बाजूला ठेवून पदराने डोळे पुसत हसत होती. फक्त हसण्याचंच पाणी नव्हतं ते, असं मला वाटलं. काकूंनी पर्समधून मोबाइल काढला, तो अर्ज शोधला आणि त्या गृहस्थांसमोर त्यावर अंगठा टेकवला. ‘नोंदवली, भाऊ.’

ते खरोखरच उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

परतीच्या एसटीत काकूंनी पर्स पुन्हा मांडीवर घट्ट धरली. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘हात कुठं गेला त्याचा, बघितलंस? त्याच्या पाच चांदण्या त्या हातात होत्या. लिहायला त्याला आल्या न्हाईत.’

लातूरला त्या आल्या नाहीत. मी खूप आग्रह केला. ‘मी आले तर आई माझा मान ठेवायला बरं म्हणतील. पाव्हण्यासमोर सगळेच बरं म्हणतात.’ एसटी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या हातात जवसाच्या चटणीची पुडी दिली. ‘अन् ऐक. ऐकू येतं का, बरं वाटतं का, असं सारखं विचारू नको. त्या हो म्हणतील, तुझ्यासाठी. ते सासरचं बोलणं. त्या तक्रार कधी करतात, त्याची वाट बघ.’

लातूरच्या त्या बाई तोंडावर बोलणाऱ्याच निघाल्या. आईचे कान तपासून म्हणाल्या, ‘इतके दिवस काय करत होतात?’ आणि ते माझ्याकडे बघून. यंत्र पहिल्या दिवशी दिलंच नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा बोलावलं. शेवटी एकदाचं ते आईच्या कानामागे बसलं, लहानसं, तिच्या कातडीच्या रंगाचं. आईचा चेहरा हलला नाही. बाईंनी विचारलं, ‘आवाज येतो?’ आई म्हणाली, ‘येतो.’ बाई म्हणाल्या, ‘बरं वाटतंय?’ आई म्हणाली, ‘हो.’ सासरचं बोलणं.

सुट्टी होती म्हणून मी शिरूरलाच राहिले. आई यंत्र काढत नव्हती, पण बोलतही नव्हती. दिवसभर अंगणात बसून राही, आणि तिची पाठ मला भिंतीसारखी वाटे. विचारू नको म्हटलं होतं, म्हणून मी विचारत नव्हते. पण तिच्याशी काही बोलायचं झालं की सवयीने समोर जाऊन, ओठ ठळक हलवून, ओरडूनच बोलत होते. बांगड्यांचा डबा फळीवर होता. जाता-येता माझी नजर त्याच्याकडे जाई.

एका दुपारी राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात जवसाची पुडी उघडली होती, तो वास नाकात शिरला आणि मी काकूंना फोन लावला. बाहेर अंगणात आई पाठमोरी बसून मेथी निवडत होती. इतके दिवस घरात ओरडूनच बोलल्यामुळे माझा आवाज खाली येणंच विसरला होता.

‘काकू, आई काहीच बोलत नाही हो. मला वाटतं, हेही यंत्र डब्यात जाणार. माझंच चुकलं. मी तिला उगाच—’

‘तक्रार?’ काकूंनी पलीकडून विचारलं.

‘काहीच नाही. एक शब्द नाही!’

तेवढ्यात अंगणातला मेथीचा हात थांबला. आई वळली नाही. तिने मान वर केली नाही. तिची पाठ तशीच, भिंतीसारखी, माझ्याकडे होती. फक्त तिचा डावा हात सावकाश वर गेला आणि कानावर येऊन थांबला. तो यंत्र काढायला गेला नव्हता. आणि मग कपाळाला आठी घालून बोलावं अशा कातावलेल्या आवाजात, माझ्या लहानपणी मी परवचा ओरडून म्हणत असे तेव्हा म्हणायची अगदी तशी, ती म्हणाली,

‘हळू.’